टॉवर लाईनच्या विरोधासाठी घेतलेला ईएमएफ मीटर: पैसे वसूल झाले का?

रेटिंग पाचातले अडीच स्टार. पूर्ण वाचायला वेळ नसेल त्यांना सरळच सांगतो, हा ईएमएफ मीटर (तारांभोवतीचं विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) गावाच्या वर्गणीतून हायटेन्शन लाईनच्या विरोधासाठी घेणार असाल तर घेऊ नका, ते पैसे ५० मीटरच्या टेपला आणि सातबाऱ्याच्या नकलांना लावा. स्वतःच्या खिशातून, नुसतं बघायचंय म्हणून घेत असाल तर घ्या, करमणूक झकास होते.

आता सविस्तर. हल्ली रत्नागिरी, संगमेश्वर, राजापूर बाजूच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ह्या मीटरची लिंक सारखी फिरत असते, खाली लिहिलेलं असतं "टॉवरचं रेडिएशन मोजा, कंपनीला उघडं पाडा". आमच्या गावावरून नवीन ४०० केव्हीची (चार लाख व्होल्टची) लाईन जायचं ठरतंय, सर्व्हेवाले एक दिवस कोणाला न विचारता आले, सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) खुंट्या ठोकल्या, हापूसच्या कलमांच्या बुंध्यांवर लाल रंगाचे आकडे टाकले आणि गेले. कोणाच्या बागेत काय आकडा पडला हे संध्याकाळी दुकानावर कळलं. तेव्हापासून गाव पेटलेलंच आहे, आणि त्या तापात पोरांनी घरटी वर्गणी काढून हा मीटर मागवला, साधारण साडेतीन हजाराला. मी वायरमनचं काम बरीच वर्षं केलंय म्हणून यंत्र माझ्याकडे आलं, "तूच वापर, तुला कळतं त्यातलं".

यंत्र दिसायला बरं आहे. स्क्रीन मोठी, उन्हातसुद्धा आकडे दिसतात, कोकणातल्या मे महिन्याच्या उन्हात हे सोपं नाही. बॅटरी नऊ व्होल्टची चौकोनी, ती तालुक्याला जाऊन आणावी लागते पण टिकते बऱ्यापैकी. सोबत एक कागद येतो, त्यातलं इंग्रजी असं की लिहिणाऱ्यालाही कळलं नसावं. मीटर दोन मुख्य गोष्टी मोजतो, चुंबकीय क्षेत्र आणि विद्युत क्षेत्र. तिसरं मोबाईल टॉवरच्या लहरींसाठीचं बटण आहे, त्याचा हायटेन्शन लाईनशी काही संबंध नाही कारण आपली लाईन ५० हर्ट्झवर चालते, पण पोरांना ते बटण सगळ्यात जास्त आवडलं कारण ते सगळ्यात जास्त ओरडतं.

ओरडण्याचंच आधी सांगतो. ह्या मीटरला एक लाल दिवा आणि पिं पिं आहे. ही धोक्याची पातळी बनवणाऱ्याने स्वतःच्या मनाने ठरवून टाकलीय आणि ती इतकी खाली ठेवलीय की घरातल्या स्विचबोर्डाजवळ नेला तरी ओरडतो, फ्रीजच्या मागे ओरडतो, टेबलफॅनजवळ तर गप्पच बसत नाही. आमच्या काकीने मिक्सर लावला होता ओल्या नारळाच्या वाटपाला, त्याला चिकटवून धरला तर आकडा आधीपासून असलेल्या जुन्या हायटेन्शन लाईनीखाली आला होता त्याच्या कितीतरी पट वर गेला. काकी म्हणाली, "मग आता वाटप पाट्यावर करू की काय?" सगळे हसले, पण मला तेव्हाच वाटलं हे यंत्र आपलं भांडण कुठेतरी भलतीकडे नेणार.

जगात ज्या मर्यादा धरतात त्या आयसीएनआयआरपी नावाच्या, अशा क्षेत्रांपासून बचावाच्या सूचना काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या. त्यांच्या २०१० च्या सूचनांप्रमाणे सामान्य माणसासाठी चुंबकीय क्षेत्र २०० मायक्रोटेस्ला (१९९८ च्या जुन्या सूचनेत १०० होतं) आणि विद्युत क्षेत्र मीटरला ५००० व्होल्ट. आता गंमत बघा, हा मीटर विद्युत क्षेत्र १९९९ पर्यंतच दाखवतो, त्याच्या पुढे स्क्रीनवर नुसता "१" येतो डाव्या कोपऱ्यात. जयगडच्या वीजप्रकल्पातून कराड आणि कोयनेकडे ४०० केव्हीच्या लाईनी आधीच गेल्यात, तशा लाईनीखाली मोकळ्या कातळावर उभं राहिलं की झाला "१". म्हणजे २००० असेल, ४००० असेल, ६००० असेल, यंत्राला सगळं सारखंच. जी मर्यादा ओलांडली की नाही तेच बघायचं होतं तिथपर्यंत ह्याची पट्टीच पोचत नाही, आणि हे लिंकवर किंवा डब्यावर कुठेही ठळक लिहिलेलं नाही. ह्या एकाच गोष्टीसाठी एक अख्खा स्टार कापलाय.

शिवाय विद्युत क्षेत्र हातात मीटर धरून मोजता येत नाही, आपलं अंगच ते क्षेत्र वाकडं करतं. लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या स्टँडवर जमिनीपासून एक मीटर उंचीवर ठेवायचा आणि आपण लांब जाऊन वाचायचं, अशी रीत आहे. पोरं मात्र एका हातात मीटर, दुसऱ्या हातात मोबाईल, व्हिडिओ चालू. आणि तोच मीटर शेजारच्या आंब्याच्या झाडाखाली नेला की आकडा जवळजवळ शून्य, कारण झाड, भिंत, छप्पर विद्युत क्षेत्र अडवतं. चुंबकीय मात्र ह्यातल्या कशानेच अडत नाही आणि ते लाईनमधून त्या वेळी किती करंट चाललाय त्यावर बदलतं, दुपारी एक, रात्री एक. एकदा मोजून "आमच्या इथे इतकं रेडिएशन आहे" असं म्हणण्यात काही अर्थ नाही हो.

आणि आता मुख्य घोटाळा. मीटरच्या बाजूला एक बटण आहे, ते दाबलं की मायक्रोटेस्लाचे मिलीगॉस होतात, म्हणजे त्याच चुंबकीय क्षेत्राचं दुसरं, लहान माप. १० मिलीगॉस म्हणजे १ मायक्रोटेस्ला. पोरांनी जुन्या लाईनीखाली जाऊन व्हिडिओ केला, स्क्रीनवर तीसच्या घरात आकडा, खाली बारीक अक्षरात मिलीगॉस, आणि हे मोठ्याने सांगतायत "तीस मायक्रोटेस्ला, तीस!" खरे ते तीन. व्हिडिओ दोन तालुक्यांत फिरला. मग ग्रामसभेला कंपनीकडून जो इंजिनिअर आला होता त्याने शांतपणे तोच व्हिडिओ सगळ्यांसमोर मोठा करून दाखवला, बारीक अक्षरं वाचून दाखवली, मग म्हणाला तीससुद्धा असते तरी मर्यादेच्या खालीच आहे. संपलं. त्याच्यानंतर गावातले तात्या उठून आपल्या कलमांबद्दल बोलायला लागले, अगदी रास्त बोलत होते, पण सभेचा मूडच गेला होता, मागची मंडळी चपला शोधायला लागली. त्या इंजिनिअरने नंतर कलमांच्या एकाही प्रश्नाला नीट उत्तर दिलं नाही, आणि कोणी रेटून विचारलंही नाही.

कॅन्सरचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००२ मध्ये अशा कमी फ्रिक्वेन्सीच्या चुंबकीय क्षेत्राला २बी गटात टाकलंय, म्हणजे "कदाचित कारण असू शकेल", तेही लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरबद्दलच्या कमकुवत पुराव्यावरून. भीती अगदीच हवेतली नाही पण सिद्धही नाही. कोर्टात किंवा प्रांताधिकाऱ्यांच्या समोर ह्या मुद्द्यावर उभं राहिलं की समोरचा जाडजूड फाईल काढतो आणि आपल्याकडे साडेतीन हजाराचा मीटर.

आता म्हणाल मग टेपची एवढी भलामण का. कारण आपलं खरं दुखणं रेडिएशन नाहीच, जागा आहे, आणि जागा टेपने मोजली जाते. ४०० केव्ही लाईनीला ४६ मीटर रुंद पट्टा लागतो, २२० केव्हीला ३५. एक किलोमीटर लांब आणि ४६ मीटर रुंद म्हणजे ४.६ हेक्टर. आपल्याकडे हापूसची जुनी लागवड १० बाय १० मीटरवर, म्हणजे हेक्टरी १०० कलमं. सलग बाग असेल तर दर किलोमीटरला ४६० कलमं त्या पट्ट्यात येतात. हा हिशोब मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने करून दाखवला तेव्हा जी शांतता झाली ती मीटरच्या पिं पिं ने कधी झाली नव्हती.

पुढचं ऐका. ४०० केव्हीची तार सगळ्यात खाली जिथे झोळ पडतो तिथे जमिनीपासून कमीत कमी ८.८४ मीटर वर हवी, आणि झाडाचा शेंडा आणि तार यात ५.५ मीटर अंतर हवं. वजाबाकी करा, ३.३४ मीटर राहतात, अकरा फूट. आमच्या आजोबांच्या वेळची कलमं दुमजली घराच्या कौलांच्या वर गेलीत. म्हणजे "झाडं तोडणार नाही, फक्त छाटू" असं जे गोड बोलतात त्याचा अर्थ काय हे अकरा फुटांत कळतं. आणि नुसतं झाड राहिलं तरी बाग राहते का? मोहोरावर तुडतुडा आला की पंपाने फवारणी करायची, तो फवारा किती उंच जातो सांगा. काढणीला झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली लांब दांडी) लागतो, दांडी बांबूची होती तेव्हा होती, आता बरेच जण अॅल्युमिनियमचा पाईप लावतात हलका पडतो म्हणून. ते सगळं त्या तारांखाली करायचं, मजुराला काय सांगणार? ह्यातलं काहीच मीटरवर दिसत नाही.

बरं, आपलं कोकण सपाट नाही हा आपला एक फायदा आहे जो मला फळ्यासमोर उभा असतानाच सुचला. दोन टॉवर दोन बाजूंच्या सड्यावर उभे केले तर मधल्या खोलगट भागातल्या बागेवरून तार खूप उंचावरून जाते, कलमांना हातही लावायला लागत नाही. तोच टॉवर जर उतारावर बागेत ठेवला तर सगळं गेलं. मग मागणी काय करायची, "लाईन नको" एवढीच की "टॉवर इथून तिथे न्या" हीसुद्धा? मी म्हणतो दोन्ही लिहून द्या, पण दुसरी नकाशासकट द्या, आणि सर्व्हे चालू असतानाच द्या, पाया खणल्यावर कोण ऐकत नाही. फक्त सड्यावर ढकलतानाही जपून, कातळावर जागोजागी कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि देवराई तर सांगायलाच नको, देवराईत टॉवर म्हटल्यावर गावकर मानकरी सगळे एका रात्रीत एकत्र आले, एरवी पालखीवरून एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

"लाईन जमिनीखालून न्या" हीपण मागणी झाली आमच्याकडे, रत्नागिरी शहरात भूमिगत केबल होतेय मग आम्हाला का नाही. ती ह्याच्यापेक्षा खूप कमी दाबाची, घराघरात वीज देणारी केबल. ४०० केव्हीची एसी केबल लांबवर जमिनीखाली नेली की ती केबलच स्वतःला चार्ज करायला करंट खात बसते, खर्चही कैक पट, वर जांभा फोडून चर खणायचा आणि तिथेही वर झाड लावता येत नाही. मागायला हरकत नाही पण एवढ्याच एका मागणीवर उपोषणाला बसू नका.

कायद्याचं थोडं, कारण पोरांना वाटतं आपण सही दिली नाही की काम थांबलं. तसं नाहीये. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली कंपनीला टेलिग्राफ कायद्याचे अधिकार दिलेले असले तर मालकाची संमती लागत नाही. १८८५ चा कायदा आहे तो, इंग्रजांनी तारा टाकायला केलेला. दूरसंचारचा नवीन कायदा २०२३ मध्ये आला, जुना रद्द केला, पण विजेच्या लाईनींसाठी जुन्यातला तिसरा भाग मुद्दाम जिवंत ठेवला, हुशार लोक आहेत. जमीन आपल्याच नावावर राहते, ते घेत नाहीत, नुसतं वरून जातात आणि खाली आपल्याला काय करता येणार नाही ते सांगतात. अडवलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांकडून आदेश आणतात. भरपाई कमी वाटली तर टेलिग्राफ कायद्याच्याच कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं, ही गोष्ट मात्र कंपनीचा माणूस आपणहून कधी सांगत नाही.

भरपाईचे दर पण बदललेत. केंद्राच्या २०१५ च्या सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होतं. १४ जून २०२४ च्या सूचनांत ते पायाखाली २०० टक्के आणि पट्ट्याला ३० टक्के झालं. झाडांचे पैसे ह्याच्यात धरलेले नाहीत, ते वेगळे मागायचे. आमच्याकडे जो माणूस घरोघर फॉर्म घेऊन फिरत होता तो जुनाच दर सांगत होता, सरपंच वहिनींनी २०२४ चा कागद पुढे धरला तेव्हा म्हणतो "हो का, मला बघावं लागेल". बघ बाबा.

आणि झाडांचे पैसे मागायला झाडं कागदावर पाहिजेत ना! इथे आपली खरी बोंब आहे. सातबाऱ्यावर अजून "वरकस" (हलकी जमीन) किंवा "पोटखराबा" (लागवडीलायक नसलेली) लिहिलेलं आणि प्रत्यक्षात तिथे तीस वर्षांची हापूसची बाग उभी. २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲपवर स्वतः नोंद करता येते, पण रेंज नाही म्हणून राहिलं, मग करू म्हणून राहिलं. वर एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं सामाईक, निम्मी मंडळी मुंबईत, दोन-चार तर वारलेली आणि वारस लागलेले नाहीत. भरपाई आली तरी वाटणार कशी. म्हणून चाकरमानी गणपतीला येतात तेव्हाच बैठक लावा, आरतीनंतर, सगळे असतात आणि पोट भरलेलं असतं, भांडणं कमी होतात.

गोव्यात मोलेमच्या जंगलातून ४०० केव्ही लाईन न्यायची होती, २०२० पासून तिथे लोकांनी रान उठवलं. शेवटी सुप्रीम कोर्टाच्या सीईसी म्हणजे केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात सांगितलं की नवीन पट्टा तोडण्यापेक्षा आधीच्या लाईनीचा पट्टा आहे त्यातूनच न्या. हा मुद्दा आपल्यालाही लागू पडतो, जुनी लाईन आहेच तर तिच्या पट्ट्यात बहुसर्किट टॉवर, म्हणजे एकाच टॉवरवर जास्त लाईनी, का नाही? आमच्या निवेदनात हा प्रश्न आम्ही सगळ्यात वर टाकलाय आणि अजून त्याला लेखी उत्तर आलेलं नाही.

आता मीटरला एक स्टार परत का दिला ते सांगतो म्हणजे अन्याय नको. आमच्या ओळखीतल्या एका बागेत जुनी लाईन वरून जाते, तिथे राखणीला गुरखा असतो सीझनला, नेपाळहून येतात ते. त्याच्या पत्र्याच्या शेडला आणि बाजूच्या तारेच्या कुंपणाला हात लावला की झिणझिणतं अशी त्याची तक्रार, मालक म्हणायचा भास होतो तुला. मी मीटर नेला, कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, जिथे कुंपण लाईनीला समांतर लांबच्या लांब गेलंय तिथे विद्युत क्षेत्राचा आकडा सटकन वर जातो हे मालकाला डोळ्यांनी दिसलं. दमट हवेत संध्याकाळी तारांचा तो चरचर आवाजही येत होता, खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर मीठ बसतं मग जास्तच. उपाय साधा होता, कुंपणाला आणि पत्र्याला ठिकठिकाणी अर्थिंग. सळी ठोकली, वायर जोडली, झिणझिण गेली. त्या गुरख्याने चहा पाजला. खरं तर साध्या टेस्टरनेही हे कळलं असतं, पण मालकाला पटवायला स्क्रीनवरचा आकडाच लागला, हे मान्य.

विक्रेत्याबद्दल, डिलिव्हरी वेळेत, डबा थोडा चेपलेला. रेंजबद्दल प्रश्न विचारला त्याला "डिअर कस्टमर थँक्यू" एवढंच उत्तर आलं. परत करायची मुदत आम्ही व्हिडिओ करण्यात घालवली. खऱ्या मोजमापाचं, कॅलिब्रेशन सर्टिफिकेट असलेलं यंत्र ह्याच्या कितीतरी पट महाग पडतं आणि ते गावाने विकत घेण्यापेक्षा गरज पडलीच तर ज्यांच्याकडे आहे अशा इंजिनिअरिंग कॉलेजला लेखी विनंती करून मोजून घेतलेलं बरं, तो कागद निदान कुणासमोर ठेवता येतो.

ज्यांच्या गावात नुकत्याच खुंट्या पडल्यात त्यांनी कमेंटमध्ये तालुका लिहा, आमच्या निवेदनाचा नमुना आणि झाडमोजणीचा तक्ता पाठवतो. तक्त्यात झाडाचा घेर, अंदाजे वय, रायवळ (बाठ्यापासून वाढलेलं) की कलम, काजू असेल तर जात वेंगुर्ला ४ की ७ असे रकाने आहेत, आणि शेवटचा रकाना त्या लाल आकड्याचा, तो जसा बुंध्यावर आहे तसाच लिहा आणि फोटोत सातबाऱ्याचा गट नंबर पाटीवर लिहून धरा. मीटर पंचायतीच्या कपाटात आहे, कोणाला कुंपण तपासायला हवा तर घेऊन जा, बॅटरी मात्र तुमची तुम्ही आणा.